बाळंतिणीची घडी

बचत गटाच्या ट्रेनिंगला मी नाक मुरडतच गेले होते. मंचरला एका हॉलमध्ये पुण्याहून एक ताई आल्या होत्या, केळीच्या खोडाचा धागा काढून त्याचे पॅड कसे बनवायचे ते शिकवायला. आमच्याकडं घड उतरला की केळीचं खोड बांधावर फेकायचं, फार तर म्हशीपुढं टाकायचं. त्याचं असलं काही होतं म्हटल्यावर बायका सरसावून बसल्या. ताईंनी धागा सोड्यात उकळला, वाळवला, कुटून कुटून मऊ केला, कापडाच्या पिशवीत भरला आणि वरून टीव्हीवरच्या जाहिरातीसारखं निळं पाणी ओतलं. पाणी गडप झालं. मग त्यांनी पॅडवर पांढरा कागद दाबून सगळ्यांना दाखवला. म्हणाल्या, "बघा, वरून कोरडं. आत किती आहे ते कुणाला कळणारसुद्धा नाही."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी प्यायच्या निमित्तानं मी बाहेर आले आणि हायवेवरचे कांद्याचे ट्रक बघत उभी राहिले. ताईंचं काही चुकलं नव्हतं. बाई चांगली होती, मालही चांगला होता. पण 'कुणाला कळणार नाही' हे मला आजही ऐकवत नाही. का, ते त्या हॉलमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. इथं सांगते.

नव्वद सालानंतर मी लग्न होऊन महाळुंगे पडवळला आले. सासूला मी आत्या म्हणायचे. आत्यांच्या हाताला एक गुण होता. गावात कुणी बाळंत व्हायची असली, की आठवा महिना लागताच तिच्या घरचं माणूस आमच्या दारात यायचं आणि मान खाली घालून म्हणायचं, "तेवढ्या घड्या करून द्या." घडी म्हणजे बाळंतिणीला अंगाखाली घ्यायची कापसाची जाड पट्टी. दुकानात तेव्हा मिळत नव्हतं असं नाही, पण दुकानात जाऊन ते मागायचं कुणी?

आत्या बाजारचा कापूस आणायच्या. कच्चा कापूस भारी उद्धट असतो. पाण्यात टाका, वरच लोळत बसतो, थेंब आत घेत नाही. त्याच्या अंगचं तेलकटपण जावं लागतं. त्यासाठी आत्या चुलीतली राख चाळून भिजत घालायच्या, वरची निवळ काढून घ्यायच्या आणि त्या पाण्यात कापूस दुपारभर रटरटवायच्या. मग धुवायचा, पुन्हा उकळायचा, पुन्हा धुवायचा. वाळला की बोटांनी पिंजून त्याची एक बोंडाएवढी गोळी वाटीतल्या पाण्यावर सोडायची. गोळी टाकल्याटाकल्या बुडाली तर कापूस तयार. तरंगली तर पुन्हा चुलीवर. बुडाली की आत्या म्हणायच्या, "आता ह्यो कायबी पिईल."

मग जुन्या लुगड्याचं मऊ कापड, त्यात कापसाचे थर, आणि सगळ्यात खाली सोपटाचा, म्हणजे केळीच्या खोडाच्या वाळल्या सालीचा पदर. सोपटातून ओल खाली उतरत नाही, म्हणून बाज खराब व्हायची नाही. वापरलेली घडी कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही, असा आमच्याकडचा रिवाज. बाळंतिणीच्या आईनं किंवा सासूनं ती पदराखाली गुंडाळून न्यायची, गोठ्यामागच्या खड्ड्यात पुरायची आणि वर राख टाकायची. बघायचंही नाही आणि बोलायचंही नाही. पुरुषांचं सोडा, मी घरातली सून, मलाही त्यातलं काही दिसलं नव्हतं.

माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा मला चौथा लागला होता. आम्ही दोघी एकाच वयाच्या. ती माझ्या डोहाळ्यांची नक्कल करायची आणि स्वतःच हसून बेजार व्हायची. आत्यांनी लेकीसाठी घड्या करायला घेतल्या, त्या बाजारच्या कापसाच्या नाहीत. परसात देवकापसाची झाडं होती. त्या कापसाच्या फक्त वाती करायच्या, त्याला विटाळ चालत नाही. आत्यांनी तोच उतरवला, कारण त्याच्याइतका मऊ दुसरा नव्हता. थरही दुप्पट घातले. लेकीचा जीव तो. गावातल्या कुठल्या बाळंतिणीला तशा घड्या मिळाल्या नव्हत्या.

चैत्रातल्या दुपारी ती सुखरूप सुटली. मुलगा झाला. सुईण चहा पिऊन गेली. आत्या येऊन जाऊन लेकीचं पांघरूण उचलून बघायच्या. सगळं स्वच्छ. बाज कोरडी, लुगडं कोरडं, घडीवर वरून एखादाच फिकट डाग. मी शेगडी ठेवायला आत गेले तर नणंद म्हणाली, "वहिनी, लई थंडी वाजती." बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. मी गोधडी घातली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "वहिनी, थंडी." तिचे ओठ कागदासारखे झाले होते.

जीप मिळेपर्यंत ती बोलत होती. मंचरच्या अलीकडं बोलायची थांबली.

चार तोंडं, चार गोष्टी. देवाचा कापूस विटाळला म्हणून देव कोपला, हे तर दहाव्याच्या आतच सुरू झालं. कुणी म्हणालं बाहेरचं होतं, कुणी म्हणालं दृष्ट लागली. लोकांच्या जिभेला हाड नसतं. आत्या कुणाला काही म्हणाल्या नाहीत. त्यांना खरं माहीत होतं, आणि त्यांनी ते एकदाच, भाकरी थापता थापता, मला सांगितलं.

"घडी जड व्हती गं. बदलली तवा हाताला जड लागली. वरून डाग थोडाच व्हता, मला वाटलं पाणी सुटलं असंल. आतल्या आत सगळी लेक पिऊन टाकली तिनं."

त्यानंतर भाकरी करपली तरी त्या तव्याकडं बघत होत्या. मी उलथनं घेतलं आणि भाकरी काढली.

पुढचे महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. ज्याचं जळतं त्याला कळतं. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण येडगावला माझ्या माहेरी आई नव्हती, एकटे वडील. म्हणजे मलाही त्याच खोलीत, त्याच बाजेवर, त्याच बाईच्या हाताखाली. मी भुताखेतांना मानणारी नव्हे. पण भर दुपारी त्या खोलीत धान्य काढायला गेले, की मागून 'वहिनी' ऐकू यायचं. अगदी साध्या आवाजात, मीठ मागावं तसं. मी मान वळवायचे नाही. पायली भरायची आणि बाहेर यायचं. आत्याही दारात थबकायच्या, कान द्यायच्या. त्यांना काय ऐकू यायचं ते मी विचारलं नाही. मला भीती वाटायची, रोज वाटायची. मी मरणार असंच मला वाटायचं.

नवऱ्यानं मंचरच्या दवाखान्यात नाव घातलं आणि जीपवाल्याला सांगून ठेवलं. तरी आठव्या महिन्यात आत्यांनी पुन्हा राखेचं पाणी चुलीवर ठेवलं. त्या वासानं मी परसात निघून गेले. पण त्यांनी केलेल्या घड्या पाहिल्या आणि मला काही समजेना. धोतराचं पांढरंशुभ्र कापड, आत कापसाचा एकच पातळ थर, आणि खाली सोपट नाही. शेजारच्या काकू हातात घेऊन म्हणाल्या, "ह्या गं कसल्या? ह्यात काय ऱ्हानार?"

आत्या म्हणाल्या, "ऱ्हायलाच नको."

माझे दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. जीप यायच्या आत मुलगी झालीसुद्धा. सुईण म्हणाली, सगळं बेस झालं, आता कशाला दवाखाना. जीप दारात आली, तर काकू तिला परत जायला सांगत होत्या. मी डोळे मिटून पडले होते, बरं वाटत होतं. फक्त गार वाटायला लागलं. तोंड उघडून ते सांगायची मला हिंमत होईना, कारण ते शब्द माझे नव्हते.

तेवढ्यात काकू ओरडल्या, "अगं, बाज नासली सगळी. खाली बघ किती ठिबकतंय. म्हणलं व्हतं मी, पातळ घड्या नको. जाड दे एखादी आन झाक ते."

आत्या बाजेखाली वाकल्या. जमिनीवरचं त्यांनी पाहिलं, आणि रिवाज गेला चुलीत, मागचं दार, पुढचं दार, सगळी दारं उघडी टाकून, जीपवाल्या परक्या पुरुषासमोर त्या म्हणाल्या, "झाकू नका. बघा. समद्यांनी बघा. लेक चालली माझी, गाडी वळीव."

जीपमध्ये माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्या माझ्या गालावर थापट्या मारत हाका मारत होत्या आणि ते नाव माझं नव्हतं. नणंदेचं होतं. "जागी ऱ्हा. ओ दे मला. ओ दे." मला कळत होतं की ती हाक मला नाही. पण ओ दिली नाही तर ही बाई या रस्त्यावर दुसऱ्यांदा मरेल, एवढंही कळत होतं. मी ओ दिली. त्यांनी पुन्हा हाक मारली, मी पुन्हा दिली. मंचरची गर्दी, हॉर्न, ट्रक, आणि आमचं हे चाललेलं. दवाखान्याच्या दारापर्यंत मी तिच्या नावाला ओ देत गेले, आणि खरं सांगते, एकदोनदा माझ्या आधी दुसऱ्याच कुणीतरी ओ दिली.

दुसऱ्या दिवशी मी शुद्धीवर आले. आत्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या, रात्रभर तशाच. माझे डोळे उघडताना पाहून त्या झटकन पुढं वाकल्या. त्यांचं तोंड असं उजळलं होतं की माझ्या सगळ्या संसारात माझ्याकडं तसं कुणी पाहिलं नाही. मग त्यांना माझा चेहरा नीट दिसला. मी होते. त्यांचं तोंड उतरलं.

क्षणभरच. मला राग आला नाही असं म्हणत नाही, आला. त्यांनीही माझ्या नजरेतला तो पाहिला असणार. त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागं सारले, आणि मग माझ्या नावानं, माझ्याच नावानं हाक मारून विचारलं, "च्या पिती का?"

मी म्हणाले, "पिते."