पाचवं नाव

नगरच्या नव्या कॉलेजात शिरलं की डाव्या हाताला गजांची खिडकी लागायची. गजांमागे शांतवन साळवे बसायचा. हा तिथला कारकून, वय वर्षं छत्तीस, रोज भिंगारहून सायकलीनं यायचा. अक्षर मोत्यासारखं, माणूस देवमाणूस. पण सल्ला द्यायची भारी खोड! तुम्ही विचारा किंवा नका विचारू, सल्ला तयार. खेड्यातली पोरं फॉर्म घेऊन आली की आधी ती खिडकीवर वाकून विचारायची, "भाऊसाहेब, कुठला इषय घिऊ?" आणि भाऊसाहेब सांगतील ते भरायची.

तो स्वतः फार पूर्वी पुण्यात इंटर झाला होता. मग वडील गेले, घर अंगावर पडलं, आणि बी.ए. राहिलं ते राहिलंच. ते दुखणं त्यानं कुणाला दाखवलं नाही. पण दुपारच्या सुट्टीत भांबळसरांचा तर्कशास्त्राचा तास असला की हा गडी मागच्या बाकावर हजर! डबा तसाच घरी परत जायचा.

"अहो," त्याची बायको दया म्हणायची, "सरांच्या बोलण्यानं तुमचं पोट भरतं, तर मी पहाटे उठून भाकऱ्या कशाला बडवू?"

आणि सर होतेच तसे. एकदा त्यांनी वर्गात विचारलं, "आपली सीना आठ महिने कोरडी. मग नदी म्हणायचं कशाला, पाण्याला की वाळूला?" शांतवन आठवडाभर पुलावर सायकल थांबवून खाली बघत राहिला. लोकांना वाटलं, याचं काहीतरी पडलंय.

एकोणपन्नास सालच्या जूनमध्ये कॉलेजात बी.ए. सुरू व्हायचं होतं. सरांनी फिलॉसॉफीचा वर्ग मागितला. प्राचार्य हिशेबी. म्हणाले, "शनिवारी पाचपर्यंत पाच नावं दाखवा. एक जरी कमी पडलं, तर विषय विसरा."

सर थेट खिडकीवर आले. "शांतवन, तुम्ही इंटर आहात. फॉर्म भरा. तास मी सकाळी ठेवतो, तुमचं ऑफिस अकराला."

शांतवनचे कान तापले. त्यानं फॉर्म घेतला, घरी नेऊन सगळा भरला, फक्त सही केली नाही. "करा की आता!" दया म्हणाली. "करतो, करतो," म्हणत त्यानं तो ऑफिसच्या खणात ठेवून दिला. खरं सांगायचं तर त्याला लाज वाटत होती. ज्या पोरांना आपण विषय सांगतो, त्यांच्यात बसायचं? आणि नापास झालो तर? तोंड कुठं दाखवायचं?

शुक्रवारपर्यंत चार नावं झाली. दुपारी शेवगावकडचा रंगनाथ आला. फॉर्मवर त्यानं विषय लिहिलेला, फिलॉसॉफी.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. सरांनी ते सीनेचं इचारलं, तवापासनं डोक्यातनं जाईना. लई गोडी लागली."

"घरी कोण आहे?"

"आई. दोन भनी."

झालं! शांतवनची खोड उसळली. पाचवं नाव समोर उभं आहे हे त्याला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण त्याला त्या पोरात वडील गेल्यानंतरचा शांतवन दिसला. वर्गाला काय, उद्या येईल कुणीतरी. "अरे बाबा," तो म्हणाला, "हे शिकून तुला नोकरी कोण देणार? अर्थशास्त्र घे. माझं ऐक."

रंगनाथ जरा घुटमळला. मग त्यानं फिलॉसॉफीवर रेघ मारून वर अर्थशास्त्र लिहिलं. भाऊसाहेबांचा शब्द कसा मोडायचा?

शनिवारी शांतवन दारावर डोळे लावून बसला. दोन वाजले, चार वाजले. फिलॉसॉफीवाला कुणी फिरकला नाही. साडेचारला त्यानं खण उघडला, फॉर्म काढला, टाक दौतीत बुडवला. तेवढ्यात बन्सी शिपाई आला. "भाऊसाहेब, साहेब बोलावत्यात."

प्राचार्यांच्या टेबलाशी भांबळसर उभे होते.

"फिलॉसॉफीची किती नावं?" प्राचार्यांनी विचारलं.

एक सही बाकी होती, बस. 'पाच' म्हणायचं आणि मागे फिरून करून टाकायची. पण प्राचार्य आणि सर दोघंही बघत होते आणि शांतवनच्या तोंडून निघालं, "चार."

"चार?" सरांनी विचारलं. "मी तुमचं धरून पाच म्हणत होतो, शांतवन."

शांतवन खाली बघत राहिला.  पंधरवड्यात सर दुसऱ्या गावच्या कॉलेजात निघून गेले. विषय बंद झाल्याची नोटीस शांतवननंच लिहिली, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. त्या रात्री तो जेवला नाही, आणि दयानंही आग्रह केला नाही.

जुलैत रंगनाथ पुन्हा खिडकीवर आला. "भाऊसाहेब, अर्थशास्त्रात जीव रमत न्हाई. आईला इचारलं. ती म्हनली, तुला आवडंल ते शिक. आता बदलून मिळंल का?"

"तो विषय बंद झाला, बाबा."

"का वं?"

"मुलं आली नाहीत."

रंगनाथनं गज धरले. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता अचंबा होता.

"मी आलो हुतो की, भाऊसाहेब. तुमीच न्हाई म्हनला."