एक थेंबही गळाला नाही

तोटीमामांना पाण्याचा आवाज झोपेतही ऐकू येई. चाळीस वर्षं नळाची कामं केली, म्हणजे अर्धं आयुष्य लोकांच्या सिंकखाली उताणं पडून काढलं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की चहा यायच्या आधी यांचा कान भिंतीला. "आत कुठेतरी ठिबकतंय हो तुमच्याकडे," म्हणायचे आणि ठिबकत असायचंच! गल्लीनं म्हणून त्यांचं नाव तोटीमामा ठेवलं. खरं नाव वीजबिलापुरतं उरलं होतं.

काम सोडल्यावर ते दुपारचे खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसत. वरच्या मजल्यावर कुणी भांडी घासायला घेतली की पाणी भिंतीतून खाली यायचं, कोपऱ्यात वळायचं, जमिनीखाली जाऊन गप्प व्हायचं. मामा त्याच्या मागे मागे जात. कधी कधी इतके लांब जात की खुर्चीत फक्त स्वेटर आणि चष्मा उरलाय असं वाटावं.

"झोपलात का हो?" बायको विचारायची.

"ऐकतोय."

"ऐका, ऐका. माझं कधी ऐकलं नाहीत, पाइपांचं तरी ऐका."

या बायकोच्या छातीनं यंदा संप पुकारला होता. पहिलं धुकं खिडकीला टेकलं आणि तिचा खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी कोळशाची शेगडी बंद करायला सांगितली, धूर नको. गारठाही नको म्हणाले. तारेचा हीटर आणून पाहिला, त्यानं हवा अशी कोरडी केली की खोकला दुप्पट. मग लेकीचा फोन आला. "बाबा, मी रविवारी येते आणि आईला घेऊन जाते. हिवाळाभर राहू दे माझ्याकडे."

लेक लांबच्या, उबदार शहरात राहायची. घर दीड खोलीचं. नातीच्या पलंगावर आजी मावत होती, आजोबा मावत नव्हते. आता यात रागवायचं कुणावर? पोरगी आईच्या काळजीनंच बोलत होती. पण एक्केचाळीस वर्षांत दोघं आठ दिवसांच्या वर कधी वेगळे राहिले नव्हते. आणि या वयात गेलेलं माणूस हिवाळा संपला म्हणून परत येतंच असं नाही. तिथेच रमतं, तिथलाच डॉक्टर लागू पडतो, मग पुढचा हिवाळा येतो.

"खोली गरम झाली तर?" मामांनी फोनवर विचारलं.

"झाली तर प्रश्नच नाही, बाबा. पण रविवारपर्यंत होणार कशी?"

सोमवारी एक मशीन घरी आलं. दिसायला एसीसारखंच, पण हिवाळ्यात उलटं चालणारं. एक लांबट डबा खोलीत भिंतीवर, दुसरा मोठा बाहेर अंगणात, आणि दोघांना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या. बाहेरच्या थंड हवेतली ऊब गोळा करायची आणि घरात आणून सोडायची, असं दुकानदारानं समजावलं. मामांना ते फार आवडलं. सकाळी अंगणात उभे राहून ते धुक्याकडे बघत बसले. एवढ्या गारठ्यात ऊब असते म्हणे! कुठे असेल? फांद्यांच्या मध्ये, की भिंतीच्या कडेला? आपण जन्मभर तिच्यातून चालत आलो आणि आपल्याला पत्ताच नाही!

दुकानदार म्हणाला होता, "बसवायला आमचा मेकॅनिक पाठवतो."

"कशाला?"

"काम जरा नाजूक असतं, काका. नळ्या जोडायच्या असतात."

नळ्या! तोटीमामांना सांगतोय नळ्या जोडायच्या असतात! मामा हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "चाळीस वर्षं मी काय माशा मारल्या?" एवढंच बोलून ते दुकानाबाहेर पडले.

घरी बायकोनं मशीनसोबतचं पुस्तक उघडलं. तिला छापलेलं सगळं वाचायची खोड, औषधाच्या बाटलीवरचंही सोडायची नाही. "अहो, हे वाचून तरी घ्या."

"तूच वाच. मी करतो."

आणि त्यांनी केलंही, खोटं कशाला बोला. लेव्हल लावून डबा टांगायची पट्टी ठोकली. भिंतीला भोक पाडलं ते बाहेरच्या बाजूला बोटभर उतार देऊन, म्हणजे आतल्या डब्यातलं पाणी खोलीत फिरकणार नाही. नळ्या वाकवल्या त्या कुठेही चेपल्या नाहीत. जोडांवर नळकामातल्यासारखं सूत गुंडाळलं, वर सफेदा फासला. बायको शाल गुंडाळून दारातून बघत होती. हातोडीच्या ठोक्यांमध्ये तिचा खोकला येई. मग मामा जरा जोरात ठोकत.

आता राहिली चाचणी. आणि मामांनी जी चाचणी आयुष्यभर केली तीच केली. नळ्यांचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून पाणी भरलं आणि जोडांखाली वर्तमानपत्र अंथरलं. कागदावर डाग पडला की गळती. साधा हिशोब! सकाळपासून संध्याकाळपर्यंत कागद कोरडा ठणठणीत. मामांच्या चेहऱ्यावर असं समाधान की बघत राहावं. मग नळ्या सोडवल्या, फुंकून पाणी काढलं आणि अंगणात उन्हाला ठेवल्या. हिवाळ्यातलं ऊन ते, दिसतं तेवढंच. शुक्रवारी पुन्हा सगळं जोडून टाकलं. बाहेरच्या डब्यातला गॅस शनिवारी सोडायचा आणि रविवारी लेकीला गरम खोलीत बसवायचं, असं मनात मांडून मामा खुश होते.

खुश म्हणजे, तसे नव्हतेच. गुरुवारपासून बायकोनं बॅग भरायला काढली होती. एक स्वेटर घडी करायची, ठेवायची, पुन्हा काढायची. मामांना वाटे, हिचं मन गेलंच तिकडे. माझ्या मशीनवर हिचा काडीचा विश्वास नाही. विचारावं असं दहा वेळा तोंडाशी आलं. दर वेळी पाना शोधायला उठले.

शनिवारी सकाळी दार वाजलं. दारात एक बाई, चाळिशीची, खांद्याला पट्टा, हातात लोखंडी पेटी, पायाशी पंप. "मशीन बसवायचंय ना? मी मेकॅनिक."

"आम्ही कुणाला बोलावलेलं नाही," मामा म्हणाले.

"मी बोलावलंय," आतून आवाज आला. "बुधवारी दुकानात फोन केला होता. आज वेळ मिळाला त्यांना."

घ्या! बायकोनंच हे करावं? मामांनी टोपी घातली आणि अंगणात जाऊन पालथ्या बादलीवर बसले. चाळीस वर्षं लोकांनी यांच्यावर घरं सोपवली आणि यांच्या घरात, यांच्याच भिंतीवर, परकी बाई हत्यार लावणार. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी धुक्यावर ढकललं.

मेकॅनिक बाईंनी भिंतीतलं भोक पाहिलं. "उतार कुणी दिलाय? झकास आहे. आमची माणसंसुद्धा एवढं बघत नाहीत." मामा ऐकून न ऐकल्यासारखे. मग बाईंनी जोड उघडला. "अहो काका, या मशीनला हे केस कुठून फुटले?"

"केस नाहीत ते. सूत आहे."

"इथे सूत लागत नाही हो. तांब्यावर तांबं नुसतं टेकवायचं." बाईंनी सूत सोडवलं, नळ्यांची तोंडं कापून पुन्हा फुलवली, जोड आवळले आणि पंप लावला. "हा आतलं सगळं ओढून घेतो. आत काही म्हणजे काही उरता कामा नये, हवासुद्धा नाही. मगच गॅस सोडायचा."

मामा बादलीवरून उठून कधी जवळ आले ते त्यांनाही कळलं नाही. जन्मभर नळ्या भरायचं काम केलं. हे नळ्या रिकाम्या करायचं काम होतं. पंप घुमत राहिला. नळ्यांत किती उरलंय ते बाईंच्या हातातला मीटर सांगत होता; त्यावरचा आकडा उतरत गेला, मग रेंगाळला. पंप बंद केला की पुन्हा वर चढे.

"पाचशेच्या खाली जाऊन थांबायला हवा," बाई म्हणाल्या. "कुठेतरी गळतंय, नाहीतर आत ओल आहे. माझे जोड मी तपासलेत."

"माझ्या नळ्याही गळत नाहीत," मामा ताठ झाले. "दिवसभर कागद ठेवला होता. एक थेंबही गळाला नाही!"

बाईंनी मीटर खाली ठेवला.

"थेंब? काका, पाणी घातलं होतंत का यात?"

नाही म्हणता आलं असतं. मशीन चाललंही असतं महिनाभर. मामांनी दाराकडे पाहिलं. बायको शाल घट्ट धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं.

"घातलं," मामा म्हणाले. "काठोकाठ."

बाई ओरडल्या नाहीत. आत ओल राहिली की गॅसमध्ये मिसळून मशीन आतून खराब होतं आणि ऐन थंडीत बंद पडतं, एवढं सांगितलं. नव्या नळ्या मंगळवारशिवाय मिळणार नव्हत्या. "सुकवून बघू. संध्याकाळपर्यंत आकडा उतरला तर उतरला." बाईंनी सिलिंडरमधला कोरडा गॅस नळ्यांतून जोरात सोडला. दुसऱ्या टोकातून चमचाभर पाणी मामांच्या चपलेवर पडलं. मामा चपलेकडे बघत राहिले.

पंप पुन्हा सुरू झाला. दुपार पसरली. एकाच सुरातली ती घरघर आणि पांढरं ऊन. गल्ली दूर कुठेतरी वाहत गेल्यासारखी झाली. मामांनी सवयीनं डोळे मिटले आणि तांब्यावर हात ठेवून हळूहळू नळीवरून पुढे सरकवला. पाणी कुठे थांबतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते सरळ भागात राहत नाही. डब्यामागे जिथे नळी किंचित खाली वाकून वर जात होती, तिथे त्यांचा हात थांबला. तिथलं तांबं बाकीच्यापेक्षा गार होतं.

"इथे बसलंय," ते म्हणाले.

बाईंनी हात लावून पाहिला. "बरोबर. पंप ओढतोय, पण गारठ्यामुळे पाण्याची वाफ होत नाहीये. इथे ऊब द्यायला हवी. आग नको, नुसती ऊब."

बायको आत गेली. आली ती छातीशी धरायची गरम पाण्याची पिशवी घेऊन. "ही बांधा."

"अगं, तुला लागेल ती."

"मला थोडा वेळ नसली तरी चालेल."

मामांनी तिच्याच जुन्या ओढणीनं पिशवी वळणाला बांधली. बाई डबा खायला गाडीत जाऊन बसल्या. अंगणात दोघंच राहिले. मामांनी आपला स्वेटर काढून बायकोच्या शालीवर घातला.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"अकराव्या पानावर लिहिलंय, नळ्यांत पाणी जाऊ देऊ नये. बुधवारी वाचलं. तुम्ही मंगळवारीच घालून बसला होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा चेहरा बघितला होता मी, कागद कोरडा निघाला तेव्हाचा. कुठल्या तोंडानं सांगू?"

मामा पिशवीची गाठ उगाच सारखी करत राहिले. "मला वाटलं, तुला जायचंच आहे. बॅग भरत होतीस."

"दोन दिवस!" बायको उसळली, आणि खोकला येऊन थांबली. "दोन दिवस एक बॅग भरत होते. एवढ्या सावकाश बॅग कुणी भरतं का? तुम्ही एकदा तरी नको म्हणाल म्हणून भरत होते. तुम्ही आपले पाना शोधताय. मला जायचं असतं तर मेकॅनिक कशाला बोलावला असता? मशीन बिघडू दिलं असतं ना!"

पंप घुमत होता. मामांना त्या आवाजापलीकडे दुसरं काही ऐकू येईना; भिंतींतलं पाणीसुद्धा गप्प झालं होतं. एवढे तीक्ष्ण कान, आणि घरातलंच ऐकू आलं नव्हतं.

"नको जाऊस," ते म्हणाले. "मला तुझ्याशिवाय राहता येणार नाही. राहा इथे."

"हं," बायको म्हणाली. "पिशवी घसरतेय, नीट बांधा."

पिशवीतलं पाणी चार वेळा बदललं. चार वाजता मामांनी डोळे न उघडता सांगितलं, "पंपाचा आवाज बदलला." बाई गाडीतून उतरून आल्या. आकडा चारशेवर होता. पंप बंद केला, तिघं मीटरवर वाकली. आकडा जरासा हलला, आणि थांबला. पाव तास थांबलेलाच राहिला. बाईंनी गॅस सोडला, बटण दाबलं. भिंतीवरच्या डब्यानं तोंड उघडलं आणि बऱ्याच वेळानं, हळूच, खोलीत ऊब येऊ लागली. धुक्यातून गोळा केलेली ऊब. बायकोनं आधी स्वेटर काढला, मग शाल काढली, आणि मामांना तिचे खांदे महिन्याभरानं दिसले.

रविवारी लेक आली ती दारातच कोट काढू लागली. "अय्या, किती छान गरम झालंय! बाबा, तुम्ही बसवलंत?"

मामा खुर्चीत होते. पलंगाखाली रिकामी बॅग होती. बायको आत चहा टाकत होती आणि न खोकता कसलं तरी गाणं गुणगुणत होती. मामा तेच ऐकत होते.

"नाही गं," ते म्हणाले. "तुझ्या आईनं बसवलं."