अण्णांच्या फोटोमागे मी काय लिहिलं

शेवटी जिंकलो मीच, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर अर्ध्यातच तुम्ही मला बावळट ठरवून चहा संपवाल. बावळटपणा केला नाही असं नाही. चांगला अकोले तालुक्यापर्यंत जाऊन, पंधरा-वीस बायांसमोर केला. पण जिंकलो मीच!

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. कडबा कुट्टी मशीन बनवतो, म्हणजे जनावरांचा चारा बारीक करायचं यंत्र. मालक तीन. थोरले चुलते अण्णा, मधले तात्या आणि माझे पप्पा. बनवतात कामगार. हे तिघं शेजारी उभे राहतात.

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते विचारू नका, घरात रोज विचारतात. एक दिवस जेवताना अण्णांनी निकालच दिला. "सोमवारपासनं सुप्याला जायचं. कंपनीत पॅकिंगला. मी बोललोय ठेकेदाराशी."

पप्पांनी मान हलवली. पप्पांचं घरातलं मुख्य काम तेच.

माझं डोकं सटकलं. "आणि आपली वेबसाईट? तीन वर्षांत तिच्यावरून एक तरी फोन आलाय का?"

"वेबसाईट चांगली हाय," अण्णा म्हणाले. "माझा फोटो हाय तिच्यावर."

"तेच तर!"

"काय तेच तर?"

"काही नाही. मला पंधरा दिवस द्या. 'कडबा कुट्टी मशीन नगर' असं सर्च केलं की आपण पहिल्या पानावर. नाही जमलं तर मुकाट्याने सुप्याला जातो. खर्च शून्य. सगळी टूल्स ऑनलाईन फुकट मिळतात."

फुकट शब्द ऐकला आणि तात्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलले. "दिऊ की पंधरा दिवस. आपलं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी एका फुकट टूलमध्ये वेबसाईटचा पत्ता टाकला. टूलने अगदी मास्तरांसारखे मार्क दिले. शंभरपैकी एकतीस! तात्या माझ्या खांद्यावरून बघत होते. "एकतीस? म्हंजे ही बी नापास? तुझ्यावर गेली रं!"

अहो, नापास होणारच! अख्खी वेबसाईट इंग्रजीत. पहिल्या पानावर तिन्ही मालकांचे फोटो, खाली स्वागताचे तीन परिच्छेद. मशीन काय कापतं, कुठे मिळतं, याचा पत्ता नाही. ही काय वेबसाईट? हा चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स!

दुसऱ्या एका टूलने लोक नेमके कोणते शब्द शोधतात ते दाखवलं. ते शब्द घेऊन सगळा मजकूर मराठीत लिहून काढला. मेलेल्या लिंक उडवल्या. मार्क झाले बासष्ट. आता टूलच्या दोनच तक्रारी राहिल्या, आणि दोन्ही फोटोंच्या.

पहिली, मालकांचे फोटो फार जड. दादाच्या लग्नातल्या फोटोग्राफरने काढलेले, पान उघडेपर्यंत म्हशीची धार काढून व्हावी असले. अण्णांना म्हणालो, "फोटोंची साईज कमी करतो."

"बारीक करतो आमाला? कंपनी मी मोठी केली आन् फोटो बारीक?"

"अण्णा, दिसायला तेवढाच दिसेल. फक्त फाईल..."

"हात लावायचा न्हाई म्हनलं ना!"

ठीक आहे. नाही लावला हात. लक्षात ठेवा, मी विचारलं होतं.

दुसरी तक्रार अशी की सर्च इंजिनला फोटो बघता येत नाही, म्हणून प्रत्येक फोटोमागे त्यात काय आहे ते शब्दांत लिहायचं. पडद्यावर फक्त फोटो दिसतो, मजकूर मागे झाकलेला. खाली सूचना होती : जे आहे ते नेमकं आणि खरं लिहा.

खरं लिहा? मला म्हणता? आमच्या घरात असली परवानगी आजवर कोणी दिली नव्हती!

आधी मशीनच्या फोटोमागे लिहिलं : "दोन एचपी कुट्टी मशीन. कडबा, मका, ऊस चालतो. भाताचा ओला पेंढा घातला तर रोलरला गुंडाळतो, सुकवून घाला." मग हाताला जोर चढला. अण्णांच्या फोटोमागे लिहिलं : "मशीनला कोपर टेकवून उभे असलेले गृहस्थ. मशीन यांनी कधीही चालवलेलं नाही." तात्यांच्या मागे : "हे पण मालक. काम विचारू नये." पप्पांच्या मागे : "अण्णा बोलले की मान हलवतात. फोटोत हलताना दिसत नाही."

टूलने चारही फोटोंना हिरवी खूण दिली. मार्क त्र्याऐंशी! एवढे मला बालवाडीनंतर पडले नव्हते.

आणि चौदाव्या दिवशी काय? पहिलं पान! चौथा नंबर! कामगारांच्या मोबाईलवर शोधलं, चहावाल्याच्या मोबाईलवर शोधलं, सगळीकडे आम्ही. संध्याकाळी वेबसाईटवरून पहिला फोन आला. अकोले तालुक्यातून, बायकांच्या दूध संस्थेच्या अध्यक्षा. अकरा मशीन हवीत, म्हणाल्या, येऊन बोला.

अण्णांनी फक्त एवढंच म्हटलं, "ऑर्डर घेऊन येऊ, मग बघू तुझ्या सुप्याचं." म्हणजे अट वाढवली! शब्द फिरवायला काही वय लागतं का? लागतं. साठच्या पुढचं.

दुसऱ्या दिवशी गाडीत अण्णा पुढे, पप्पा आणि मी मागे. संस्थेच्या ओट्यावर बाया बसलेल्या. अध्यक्षा हौसाबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. अण्णा खुर्चीत पसरले. "आमची कंपनी लई मोठी. वेबसाईट हाय आमची. काढ रं, दाखव ताईंना."

मी वेबसाईट उघडून मोबाईल दिला. डोंगरात रेंज एक काडी. मजकूर आला. फोटो येईनात. येतील कसे, एवढे जड! आणि मला जे माहीत नव्हतं ते तिथे कळलं. फोटो आला नाही, की त्याच्या जागी त्याच्या मागचं लिहिलेलं दिसतं.

हौसाबाई मोठ्याने वाचायला लागल्या. "मशीनला कोपर टेकवून उभे असलेले गृहस्थ... मशीन यांनी कधीही चालवलेलं नाही?" त्यांनी चष्म्यावरून अण्णांकडे बघितलं. "व्हय का वो?"

अण्णांचा कोपर तेव्हाही खुर्चीच्या हातावर होता. पटकन खाली घेतला.

"ताई, द्या, रिफ्रेश करतो," मी हात पुढे केला.

"थांब की! लई झ्याक लिवलंय. हे पन मालक, काम विचारू नये!" ओट्यावर हशा. "अण्णा बोलले की मान हलवतात... ह्ये कोन?"

सवयीने पप्पांनी मान हलवली. मग तर एका बाईने हसून हसून डोक्यावरचा पदरच तोंडात कोंबला.

अण्णा जांभळे झाले. मी मनातल्या मनात सुप्याला पोचून खोके बांधायला लागलो होतो. एवढ्यात हौसाबाई चौथ्या चौकटीपाशी थांबल्या. दोनदा वाचलं. हसू गेलं.

"भाताचा ओला पेंढा गुंडाळतो, हे खरं?"

"खरं," मी म्हणालो. आता लपवायला राहिलंच काय होतं?

"आतापतुर तीन कंपन्यावाले येऊन गेले. तिघंबी म्हनले, आमचं मशीन कशानं अडकत न्हाई. आमच्याकडं भाताबिगर हाय काय? एकाचं आनलं, पेंढा गुंडाळून बसलंय." त्यांनी मोबाईल परत दिला. "तुमी निदान खरं लिवता. सुकवून घालू आमी. अकरा मशीन लिहून घ्या. पन शिकवायला ह्यो पोरगा पाठवा. गृहस्थ नको."

अकरा! ऐकलंत? अकरा!

परत येताना संगमनेर मागे पडलं. मग अण्णा पुढे बघतच म्हणाले, "सुप्याचं राहू दे. वेबसाईट तूच बघ." मी खुशीत पप्पांना कोपर मारला. "पन," अण्णांचं संपलं नव्हतं, "तुझाबी फोटो टाकायचा. आन् मजकूर मी सांगनार."

"फोटोमागे टाकतो, अण्णा."

"मागं कशाला? मी काय तुझ्यासारखा चोरून लिहितो का? खाली टाक, ठळक!"

स्वतःला तोंडावर बोलणारा समजत होतो ना मी! मुकाट्याने टाकला.

आज आम्ही पहिल्या नंबरला आहोत. खरंच, शोधून बघा. फक्त सर्च इंजिनला अख्ख्या वेबसाईटमधून दाखवायला अण्णांनी सांगितलेली तेवढी एकच ओळ आवडली आहे. कंपनीच्या नावाखाली अख्ख्या महाराष्ट्राला दिसते : "शिक्षण अर्धवट, तोंड पूर्ण. मशीन अडकलं तर ह्यालाच फोन करा."