आठची नळी

"चालतंय की" म्हटल्याशिवाय कोल्हापुरात पान हलत नाही. पण माझ्या दुकानासमोरच्या वर्कशॉपातल्या मिस्त्रींपुढे हा शब्द काढायची सोय नव्हती. लगेच खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर निघायचा. "चालतंय ऱ्हाऊ द्या. बसतंय का, ते सांगा."

उद्यमनगरात माझं वह्या-पेनांचं दुकान. नव्वद सालानंतरची गोष्ट. लेथवरचं काम संपलं की मिस्त्री यायचे, धातूच्या रिफिलींचा डबा पुढ्यात ओढायचे आणि एकेक रिफिल मोजत बसायचे. माझं गिऱ्हाईक ताटकळलं तरी त्यांना पत्ता नसायचा.

"मिस्त्री, लिहून तरी बघा एखादी."

"लिवायचंय कुणाला, वहिनी? आतनं पाणी जायला पायजे."

पाणी जायचं ते त्यांच्या इंजिनातून. कागलजवळ त्यांच्या गावी नदीवर एक डिझेल इंजिन होतं, सगळ्या गावाच्या उसाला पाणी उपसणारं. विजेची मोटर आली आणि ते भंगारात निघालं. त्याआधी मिस्त्रींनी दोन दिवस नदीकाठी बसून त्याचा नट न् नट मोजून घेतला. आता त्याची बरोबर दहाव्या हिश्श्याएवढी प्रतिकृती चालली होती.

बाकी सगळं लेथवर निघायचं. अडायचं ते नळ्यांपाशी. इतक्या बारीक नळ्या विकतो कोण? मग रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मोडक्या एरियल यायच्या. एकात एक सरकणाऱ्या त्या नळ्या बघून मिस्त्री खूश. "बघा, मापं काढूनच ठेवल्यात आमच्यासाठनं." डिझेलच्या नळीसाठी इंजेक्शनच्या सुया आणल्या. औषधवाल्यानं विचारलं, घरात आजारी कोण? मिस्त्री म्हणाले, "इंजिन."

सहा वर्षं लागली. तळहातावर मावेल एवढं ते इंजिन बघायला शेवटी मूळ इंजिन बनवणाऱ्या कंपनीचे साहेब आले. मोठ्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवणार होते, खाली मिस्त्रींचं नाव. सगळी गल्ली जमली. दुकान उघडं टाकून मीही गेले.

साहेब भिंग लावून बघत होते. मान डोलवत होते. मग थांबले.

"उत्तम आहे. फक्त डिझेलची नळी जाड झालीये. आमच्या ड्रॉइंगमध्ये सहा मिलिमीटरची आहे, तुम्ही आठच्या हिशेबानं केलीत. तेवढी बदला, लगेच नेतो."

बारीक सुई मिस्त्रींच्या खिशातच होती. दहा मिनिटांचं काम. तरी त्यांचा हात खिशाकडे गेला नाही. मला राहवलं नाही.

"बदला की, मिस्त्री. कुणाला दिसतंय? चालतंय की!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड कुठे लपवू असं झालं. मग साहेबांकडे वळले.

"सायेब, सहाचीच हुती. ऐन उन्हाळ्यात फुटली. ऊस वाळाय लागलेला, दुसरी नळी गावात न्हाय. मी अठरा वर्साचा. ट्रॅक्टरची आठची नळी आणून मीच बसवली. सगळ्या गावाचा ऊस तिनं वाचवलाय. ती काढली, तर हे तुमचं इंजिन हुईल. आमचं न्हाय."

साहेब रिकाम्या हातानं गेले. प्रदर्शन झालं, त्यात मिस्त्रींचं नाव नव्हतं. मी चार दिवस त्यांच्या हट्टाला नावं ठेवली, पण खरं सांगते, माझी छाती फुगली होती. पाचव्या दिवशी ते इंजिन रुमालात गुंडाळून आले.

"वहिनी, तुमच्या काचेत जागा हाय का?"

कंपासपेट्या सरकवून मी जागा केली. ते अजून तिथंच आहे. मिस्त्री मात्र गेले, वर्कशॉपचं शटर बंद असतं.

परवा एक म्हातारबुवा नातवाच्या वह्या न्यायला आले. बघता बघता काचेवर वाकले.

"आवं, हे तर आमच्या गावचं इंजिन!"

"कशावरून, पावणं?"

त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "ही जाड नळी बघा की. ट्रॅक्टरची हाय ती. आमच्यातल्याच एका पोरानं बसवलेली."

मी सवयीनं समोरच्या शटरकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्री, बसली!"