करंगळी हलता कामा नये

“काकू, करंगळी न हलवता शेजारचं बोट मिटून दाखवा.” भेटेल त्याला ती हे करायला लावायची. तुम्हीही करून बघा; करंगळी खेचली जातेच. मग ती हसायची. “हातात जमत नाही, आकड्यात जमतं!”

आमच्या भाईंदरच्या बिल्डिंगमध्ये ती समोरच्या दाराआड राहायची. प्रोग्रामिंगचं काम, तेही घरूनच, कारण वडिलांना, अप्पांना, विसरण्याचा आजार. दार उघडं दिसलं की अप्पा निघालेच. “माना राईला जावाचा हाय.” राई गावातलं घर कधीच पाडलं, तिथे टॉवर उभा राहिला. पण त्यांना कोण समजावणार?

म्हणून तिने दाराला मोबाइलवरचं कुलूप बसवलं. कॉम्प्युटरला म्हणे एक आकडा म्हणजे बटणांची ओळ. प्रत्येक बटण चालू नाहीतर बंद. एक दाराचं, एक गॅसचं, एक पंख्याचं. बाकीच्यांना धक्का न लावता नेमकं एकच फिरवायचं.

“म्हणजे चार सुनांच्या घरात एकीलाच बोलायचं,” मी म्हटलं.

“काकू, तुम्ही पास!”

दाराला तिने ‘उलट’ ठेवलं होतं. बटण दाबलं की उघडं असेल तर लागेल, लागलेलं असेल तर उघडेल.

एकदा ऑफिसने बोलावलं. मोठं काम मिळत होतं, पण रोज जावं लागणार होतं. अप्पा माझ्यावर सोपवले, दाराचं बटण माझ्याही मोबाइलवर घालून दिलं. त्यांना जेवू घालून मी बाहेर आले, मोबाइलवर दार लावलं. तिकडे ऑफिसात हिचा जीव थाऱ्यावर नाही. हिनेही न बघता लावलं. दोघींनी लावलं आणि दार उघडलं!

अप्पांना रिक्षावाल्याने आणून सोडलं. “आंटी, ये अंकल आपके यहाँ के हैं ना? राई की खाडी पे खड़े थे.” पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

तिने घरी येऊन ते पाय धुतले आणि तिथेच लॅपटॉप उघडला. “उलट ठेवायलाच नको होतं, काकू. लाव म्हणजे लाव. लावलेलं पुन्हा लावलं तरी लावलेलंच.” मग ऑफिसला फोन. “नाही, मला जमणार नाही.”

“अगं, मी आहे ना!”

तिने नुसता हात पुढे केला, बोट मिटलं. करंगळी खेचली गेली.

दार पक्कं झालं. दोघांनाही. पुढे कित्येक वर्षं ती भाजीसुद्धा खिडकीच्या ग्रिलमधूनच घेत होती.

अप्पा गेले, तिला पुण्याला नोकरी लागली. निघायच्या दिवशी दार सताड उघडं, तरी बाई उंबरठ्यातच. “जा गं,” म्हटलं, तेव्हा पाऊल उचललं.

माझ्या मोबाइलवर ते बटण अजून आहे. दिवेलागणीला मी ‘लाव’ दाबते. समोर काही खट्ट वाजत नाही. लावलेलंच असतं.