कोट बाहेर काढून ठेवा

एस्टोनियात, तार्तूच्या आमच्या प्रयोगशाळेत प्राध्यापक पुष्कळ होऊन गेले, पण आज माझ्या नावामागे 'डॉक्टर' लागतं ते उर्वेबाईंमुळे. कुणाला राग येवो, खरं तेच सांगते.

उर्वेबाई तिथल्या तंत्रज्ञ. वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरचे सेल त्यांनी अडतीस वर्षं हातानं बनवले. कार्बनची काळी पूड मळायची, कागदासारखी पातळ लाटायची, चकत्या कापायच्या, द्रवात बुडवून डबीत बंद करायच्या. बोलणं फटकळ, आणि डब्यात कायम राय धान्याचा पाव नि खारवलेले मासे. वास खोलीभर.

माझा कार्बन मी तीन वर्षं खपून केला होता. त्याची छिद्रं इतकी बारीक, की द्रवातले आयन, म्हणजे वीजभारित कण, आत शिरले तर वीज भरपूर साठणार. शुक्रवारी मोजलं, तर अपेक्षेच्या जेमतेम पाव. मंगळवारी समितीपुढे आकडे ठेवायचे होते, नाहीतर माझी जागा जाणार होती. सेल कचऱ्यात टाका असं उर्वेबाईंना सांगून मी रडत घरी गेले.

सोमवारी येऊन बघते तर बाई माझाच सेल मोजत बसलेल्या.

"सौनाच्या वाफेच्या खोलीत जाताना जाड कोट घालून शिरतेस का गं, पिरेत?" त्यांनी विचारलं. "तो बाहेर काढायचा, बुटक्या दारातून वाकायचं, मग आत. तुझ्या आयनांच्या अंगावरही द्रवाचा कोट आहे. तो उतरवायला वेळ लागतो, आणि तू मागून ढकलत होतीस."

सेल त्यांनी तीन दिवस मुरू दिला होता, आणि वीज अगदी सावकाश चढवली होती. आकडा चौपट आला. मी दोनदा तपासला आणि त्यांच्या गळ्यात पडले. बाई मात्र ताठच.

"माझे आभार मानू नकोस," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांपूर्वी रेनो नावाच्या विद्यार्थ्याचा असाच सेल मी त्याच्या सांगण्यावरून त्याच दिवशी फेकला. तो शिक्षण सोडून गेला. आता मी रोज येते ती बस तोच चालवतो. रोज सांगेन म्हणते, आणि जीभ उचलत नाही."

समितीपुढे निभावलं. त्या संध्याकाळी मी बाईंबरोबर बसमध्ये चढले. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरल्यावर त्यांनी रेनोला सगळं सांगितलं. त्यानं बसचं इंजिन बंद केलं.

"त्या कार्बनची पूड अजून आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "बरणीत. टाकवली नाही."

त्या पुडीच्या चकत्या मी लाटल्या. नीट वाळवल्या, बुडवल्या, तीन दिवस हात लावला नाही. मोजणीच्या दिवशी रेनो गणवेशातच आला. उर्वेबाईंनी त्याला आपली खुर्ची दिली आणि आकडा त्यालाच वाचायला लावला.

माझ्यापेक्षा जास्त होता. एरवी माझा तिळपापड झाला असता. त्या दिवशी मी त्या दोघांबरोबर बसून खारे मासे खाल्ले.