केसभर हललेला चेंडू

मेडशीच्या शाळेत परिपाठ चालू होता, तेव्हा खिशातला फोन थरथरला. रफीकच्या बायकोचं, शबाना भाभींचं नाव पाहून मी रांगेतून बाजूला झालो. त्या एवढंच म्हणाल्या, "दिनूभाई, वो चले गए." रफीकचा तो डायलिसिसचा दिवस होता. अकोल्याच्या एसटीला निघायचं म्हणून तो खाटेवर बसून बूट घालत होता, एक बूट घातला आणि तसाच बाजूला कलंडला. दुपारच्या नमाजनंतर वाशिमच्या कबरस्तानात त्याला माती दिली. वय सेहेचाळीस. या गोष्टीला आता दीड महिना होईल. लोक मला म्हणतात, गुरुजी, तुमच्या मित्रावर काहीतरी लिहा, जिल्ह्यातून एवढ्या मोठ्या स्पर्धेत खेळलेला तो एकटाच... लिहायचं तर मग सगळंच लिहावं लागेल.

आम्ही दोघं वाशिमला एका वर्गात शिकलो. मी किन्हीराजा गावच्या शेतकऱ्याचा पोरगा, खोली करून राहिलेला; त्याचे अब्बा सोफे आणि दिवाण बनवायचे. गावात कापड दुकानाच्या माडीवर स्नूकरचं, म्हणजे काठीनं चेंडू भोकात ढकलायच्या खेळाचं, एक टेबल आलं, त्याच्या कडांचं रबर बदलायला अब्बांना बोलावलं आणि हत्यारांची पिशवी घेऊन रफीक सोबत गेला. काम झालं, अब्बा परत आले; रफीक मात्र तिथंच अडकला, तो पुढची वीस वर्षं. त्या माडीवर जाणारा पोरगा वाया गेला असंच तेव्हा समजलं जायचं. अब्बांनी त्याच्याशी वर्षभर अबोला धरला होता. पण रफीक टेबलावर वाकला की त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नसे. पुढं शिक्षक झाल्यावर मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून वह्या तपासायचो. मला खेळ यायचा नाही, त्याला वाकलेलं बघायला आवडायचं.

मग हैदराबादची स्पर्धा जाहीर झाली. जगभरातले धंदेवाईक खेळाडू जिथल्या गुणांवर आपला क्रमांक राखतात, तसली मानांकन स्पर्धा. आपल्याकडच्या खेळाडूंसाठी त्यात मोजक्या जागा होत्या, त्यासाठी आधी निवड सामने. रफीक चौतिशीत होता, पुन्हा अशी संधी येणार नाही हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी रजा टाकली आणि वाशिमहून त्याच्यासोबत गाडीत बसलो. नियमाप्रमाणे लांब बाह्यांचा पांढरा शर्ट लागणार होता, तो भाभींनी घरीच शिवला होता. बाही जराशी ढगळ झाली होती.

शेवटचा निवड सामना कोलकात्याच्या तापसशी होता. उंच, अबोल माणूस, आमच्याच वयाचा. सामना बरोबरीत आला आणि शेवटच्या डावात टेबलावर तीनच रंगीत चेंडू उरले. निळा, गुलाबी, काळा. तिन्ही एकापाठोपाठ भोकात घेतले तर रफीक जिंकणार होता. निळ्यासाठी त्याला गुलाबी चेंडूवरून लांबवर वाकावं लागलं, आणि त्याची बाही गुलाबीला लागली. चेंडू केसभर हलला. चेंडूला कपडा लागला तरी तो फाऊल. गुण समोरच्याला आणि खेळीही त्याचीच. पंच पलीकडच्या बाजूला होता, तापस पाठीमागे खुर्चीवर. मी पहिल्या रांगेत, अगदी समोर. रफीकनं तसंच वाकलेलं राहून नजर वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. तो विचारत होता, सांगू का.

मी मान हलवली. नाही.

त्यानं निळा घेतला, गुलाबी घेतला, काळाही घेतला. टाळ्या झाल्या. तापसनं हात पुढं केला, म्हणाला, "बढ़िया खेला, भाई." रफीकनं हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी मुख्य स्पर्धेत त्याच्यासमोर एक नावाजलेला परदेशी खेळाडू होता. रफीक एकही डाव जिंकला नाही. हरला याचं काही नाही. पण दोनदा त्यानं मधेच हात वर करून पंचाला सांगितलं, चेंडूला माझा हात लागला. दोन्ही वेळा पंच म्हणाला, काही लागलेलं नाही. तरी रफीक ऐकेना. "लगा है, साहब, लगा है." तो परदेशी खेळाडूसुद्धा खुर्चीतून उठून त्याच्याकडं बघत राहिला.

परतीच्या गाडीत पूर्णा स्टेशन आलं. तेव्हा तो म्हणाला, "दिनू, त्याले सांगाले पायजे होतं."

"आता कायले? कोनं पाह्यलं तुले?"

"तू पाह्यलं ना."

वाशिमला चौकात त्याचा फलक लागला, सत्कार झाला, अब्बा पहिल्या रांगेत बसून रडले. रफीक दोन शब्द बोलून खाली उतरला. लोक म्हणाले, किती नम्र आहे! त्यानंतर त्यानं खेळायची काठी, क्यू, कधी हातात घेतला नाही. तो टेबलांचा मिस्त्री झाला. अकोला, हिंगोली, कुठं कुठं जाऊन कापड ताणायचा, कापडाखालची दगडी फरशी पातळीत आणायचा. टेबल तपासायला चेंडू हातानं सोडून द्यायचा. कोणी म्हटलं, एक फटका मारून दाखवा, तर हसून हत्यारं आवरायचा. त्या गुलाबी चेंडूचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मी निघू दिला नाही, असं म्हणणं जास्त खरं.

किडन्या गेल्यावर तो आठवड्यातून दोनदा अकोल्याला जायचा. सुट्टी असली की मी मेडशीहून त्याच्या एसटीत चढायचो. शेवटच्या वेळी पातूरच्या घाटात तो म्हणाला, "तापसले चिठ्ठी लिवून देशील का? तुहं हिंदी चांगलं हाय. आपल्या दोघायच्या नावानं."

मी म्हटलं, "आधी बरा तर हो. मंग लिवू."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. चिठ्ठी मी लिहिली नाही. घरी येऊन कागदसुद्धा काढला नाही.

परवा भाभींनी हत्यारांचं काय करायचं ते बघायला बोलावलं. त्याच्या कामाच्या खोलीत भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेले फोन नंबर आहेत, जिथं जिथं टेबलं बसवली तिथले. सगळ्यात खाली, नवीन अक्षरात, तापसचं नाव आणि नंबर होता. मी तिथंच उभ्यानं फोन लावला. रफीक गेला म्हणून सांगितलं. तापस म्हणाला, दोन महिन्यांपूर्वीच रफीकचा फोन आला होता, त्यानं सगळं सांगितलं, माफी मागितली. दोघं बराच वेळ बोलले.

मी म्हटलं, "एक बात उसने नहीं बताई होगी. वो बोलनेवाला था. मैंने इशारे से मना किया."

"आप वहाँ थे?" तो म्हणाला. "मैंने पूछा था उससे. बोला, साथ में कोई नहीं था."

भाभी चहा घेऊन आत आल्या, तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो. त्यांनी कप फळीवर ठेवला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.